रडलं तर रडलं असंच लिहायचं

हिल्डाच्या नकाराला आवाज नसायचा. चष्मा कपाळावर सरकवून ती समोरचा कागद दोन बोटांनी पुढे ढकलायची. आताही तिने तसाच ढकलला.

"बाय माझी, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही."

"हिल्डाताई, वाचा तरी आधी."

"वाचलं. पंचेचाळीस मिनिटं, आणि पहिल्याच दिवशी आजाराचा कोड. माणूस अजून खुर्चीत नीट टेकलेला नसतो, तोवर आपण त्याला नंबर चिकटवायचा?"

"आणि ज्याला ती खुर्चीच परवडत नाही, त्याचं काय?" कुंदा म्हणाली.

दुबईतल्या बर दुबई भागात, कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर दोघींचं दोन खोल्यांचं क्लिनिक होतं. हिल्डा वसईची, पंचावन्नची. कुंदा तिच्याहून वीस वर्षांनी लहान, इथेच वाढलेली. सात वर्षं दोघी लोकांच्या मनातलं ऐकत होत्या, आणि सात वर्षं येणारा माणूस खिशातून फी देत होता. आता एका विमा कंपनीने विचारलं होतं, आमच्या पॅनेलवर येता का? कामगारांच्या साध्या विमा-कार्डातही ती कंपनी समुपदेशन देणार होती.

कुंदाच्या डोळ्यांसमोर एकच कार्ड होतं. सुचित्राचं.

सुचित्रा मूळची चिपळूणची, इथे एका नर्सरीत तान्ही बाळं सांभाळायची. राहायची शारजात. रोज पहाटे स्टाफच्या व्हॅनमधून दुबईला यायची आणि ट्रॅफिक तुंबलं की तिचा श्वासही तुंबायचा. हातपाय गार पडायचे. मग ती ड्रायव्हरला "भैया, रोको" म्हणून मध्येच उतरायची आणि कडेकडेने चालत सुटायची. उशिराची दोन पत्रं मिळाली होती. तिसरं मिळालं की नोकरी खलास, आणि नोकरीसोबत व्हिसाही.

पहिल्या भेटीची फी तिने भरली होती. साडेचारशे दिरहम, म्हणजे साडेदहा हजार रुपये, असं स्वतःशीच पुटपुटत. कुंदाने पुढच्या भेटी फुकट देऊ केल्या, तेव्हा ती पर्स छातीशी धरून उभी राहिली होती. "फुकट नको मॅडम. फुकटात मला मोकळं रडता येणार नाही."

हे कुंदाकडून ऐकल्यावर हिल्डाचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "बरं. एकीला घेऊन बघ. बघू तर खरं, काय म्हणतात तुझे विमावाले हबीबी."

फॉर्मवर सही होण्याआधी एक कार्ड चालवून बघायला कंपनीही तयार झाली. कार्डावर पहिल्या दोन भेटी सहज मिळाल्या. पुढच्या सहांसाठी अहवाल पाठवायचा होता. कुंदाने तो मन लावून लिहिला. तिची जुनीच सवय, आधी चांगलं लिहायचं. 'सुचित्रा या आठवड्यात तीन दिवस व्हॅनमधून मध्येच उतरल्या नाहीत. श्वासाचा सराव नेमाने करतात. विनोदबुद्धी शाबूत आहे.' लिहिताना तिला सुचित्राचा अभिमानच वाटत होता.

दोन दिवसांनी उत्तर आलं. रुग्णात समाधानकारक सुधारणा आहे. पुढील उपचारांची गरज दिसत नाही. हरकत असल्यास पाच दिवसांत सुधारित अहवाल पाठवावा.

कुंदाला वाटलं, आता हिल्डा म्हणणार, 'मी सांगत नव्हते?' हिल्डाने अहवाल हातात घेतला, वाचला आणि खो खो हसत सुटली.

"अगो, हा अहवाल आहे की पोरीचं प्रगतिपुस्तक? 'विनोदबुद्धी शाबूत'! त्या बिचाऱ्या क्लार्कला वाटलं असेल, हिचा सत्कार करायचाय!"

"हसू नका हो. माझ्यामुळे अडकली ती."

"म्हणूनच हसते. नाहीतर तू रडशील." हिल्डाने तिच्यापुढे आपला चहा सरकवला. "दुखणं लिही बाय. त्यांना दुखणं लागतं."

सांगणं सोपं होतं. त्या संध्याकाळी मुलीच्या स्विमिंग क्लासला बाकावर बसून कुंदाने लॅपटॉप उघडला. 'कार्यक्षमता घटलेली' असं लिहिलं आणि खोडलं. 'नोकरी टिकवण्यास असमर्थ' लिहिलं, तेही खोडलं. ही काय सुचित्रा होती? पाठीमागे तिची निंदानालस्ती केल्यासारखं वाटत होतं.

"मम्मा, यू डिडन्ट सी माय डाइव्ह!" अस्मी पाण्यातून ओरडली.

"पाहिली ना राणी! मस्त होती!"

"यू डिडन्ट. आय फेल ऑन माय टमी."

कुंदाने ओशाळून लॅपटॉप मिटला आणि सुचित्राला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर सुचित्रा आली. कुंदाने जे झालं ते सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. सुचित्राचा पहिला प्रश्न वेगळाच होता. "नर्सरीच्या मॅडमना हे वाचायला मिळतं?"

"नाही. फक्त विमा कंपनीला."

"मग झालं की." ती खुर्ची ओढून कुंदाच्या शेजारी, स्क्रीनसमोर बसली. "मॅडम, आम्ही रोज दुपारी प्रत्येक बाळाचा रिपोर्ट आईला पाठवतो. किती दूध प्यायलं, किती झोपलं. नव्या पोरी येतात त्या लिहितात, 'हॅपी डे, लॉट ऑफ स्माइल्स.' त्यांना मी रागावते. बाळ रडलं तर रडलं असंच लिहायचं. किती वेळ, कशाने, सगळं. रात्री त्याला ताप चढला तर आईला कळायला नको, दुपारपासून काय चाललंय ते? रडलं लिहिल्याने बाळ काही वाईट ठरत नाही."

कुंदाने जुना अहवाल मिटला आणि कोरं पान उघडलं.

"लिहा तुम्ही, मी सांगते," सुचित्रा म्हणाली. आणि डोळे मिटून, एखाद्या लेकराबद्दल सांगावं तशी ती स्वतःबद्दल सांगू लागली. "पहाटे साडेचारला उठते. खात नाही, उलटी होईल म्हणून. व्हॅनमध्ये दाराजवळ बसते. गाड्या थांबल्या की मुंग्या येतात, आधी ओठांना, मग बोटांना." कुंदाची बोटं भराभर चालत होती. "तीन दिवस उतरली नाही. पण त्या तिन्ही दिवशी पोचल्यावर तासभर हात थरथरत होते. म्हणून तिने बाळांना उचललं नाही. पाठ दुखते म्हणून सांगितलं. तिला भीती वाटते, हातातून बाळ पडेल."

कुंदाची बोटं थांबली.

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

सुचित्राने डोळे उघडले. "तुम्ही विचारलंत, कसा गेला आठवडा? मी म्हटलं, उतरले नाही. तुम्हाला केवढा आनंद झाला मॅडम! टाळीच वाजवलीत. मग पुढचं कसं सांगू?"

कुंदाला आठवलं. खरंच वाजवली होती. तिने सुचित्राच्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

"असू दे हो. तुम्ही नव्या आहात ना, रिपोर्ट लिहायला," सुचित्रा म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग शेवटचं वाक्य सुचित्राने पुन्हा सांगितलं आणि कुंदाने ते होतं तसंच उतरवलं.

तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. सहा नाही, चार. हिल्डाने नवा अहवाल दोनदा वाचला, चष्म्याआडून डोळे टिपले आणि वर कुरकुरलीही. "चारच दिल्या मेल्यांनी! आठवड्याभरात पुढच्या मागायच्या, कळलं? आणि तो पॅनेलचा फॉर्म दे इकडे. माझी सही कुठे लागते? पण सांगून ठेवते, पंचेचाळीसाव्या मिनिटाला मी कुणाला हाकलणार नाही."

मंगळवारी सुचित्रा आली. दारातूनच म्हणाली, "मॅडम, अख्खा आठवडा उतरले नाही!"

"अरे वा" कुंदाच्या ओठांवर आलंच होतं. तिने पाण्याचा ग्लास सुचित्रापुढे ठेवला आणि समोर बसली.

"आणि पोचल्यावर?"

सुचित्राने ओढणी सावरली, खुर्चीत मागे रेलली. "पोचल्यावर ना," ती म्हणाली, आणि सावकाश, काहीही न गाळता सांगू लागली.