दहातला एक कोट

देवबागात सत्यवान परबाला सगळे सुभेदार म्हणत. ही पदवी त्याला सरकारने दिलेली नव्हती, लवूच्या चहाच्या हॉटेलात मिळाली होती. पंचावन्न साली मुंबईची नोकरी संपवून तो गावी परतला तेव्हा अंगात खाकी कोट होता. लवूने तो वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि विचारलं, "मिलिट्रीत होतास काय? म्हणजे सुभेदार म्हणा." सत्यवानाच्या तोंडात तेव्हा भजी होती. ती गिळून 'नाही' म्हणेपर्यंत वेळ निघून गेली, आणि पुढची तीन वर्षं हा विषय निघाला की त्याच्या तोंडात काही ना काही असायचंच.

खरी गोष्ट अशी की सत्यवान सतरा वर्षं मुंबईत लष्करी कपड्यांच्या कोठारात होता. शिंप्यांकडून कोटांचे गठ्ठे यायचे, ते तपासून सही करायची आणि पुढे धाडायचे. प्रत्येक कोटाला पाच बटणं. बंदूक त्याने जवळून पाहिली ती फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर, आणि तेव्हाही जरा बाजूने चालला होता. अंगातला कोट शिवणीत वाकडा निघाला म्हणून बाद झालेला, साहेबाने निरोपाच्या दिवशी दिलेला. पण गावाला ब्रह्मदेशची लढाई हवी होती, आणि सत्यवानाने ती दिली. दरवर्षी थोडी वाढवूनच दिली.

येताना त्याने आणखी एक वस्तू आणली होती. लढाईनंतर भंगारात निघालेलं सुरुंग शोधायचं यंत्र. लांब दांडा, टोकाला भाकरीच्या तव्याएवढी थाळी, पाठीवर बॅटरीची पेटी आणि कानाला लावायचे चोंगे. जमिनीत धातू असला की कानात भुंगा शिरल्यासारखा आवाज व्हायचा. देवबागात प्रत्येकाच्या आजोबाच्या वेळी एखादं तरी सोन्याने भरलेलं गलबत बुडालेलं आहे. तेव्हा वाळूत सोनं सापडणार याबद्दल सत्यवानाला शंका नव्हती. तीन वर्षांत त्याला होडीचे खिळे, गळ, एक कढईचा कान आणि स्वतःच्याच घरची हरवलेली विळी सापडली. विळी बघून बायको सुभद्रा म्हणाली, "एवढ्या मशिनीन एक तरी उपयोगाची वस्तू गावली."

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर तुळसा त्याच्याकडे आली. तुळसाचा नवरा परशुराम चाळीस साली बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाला होता. बेचाळीस साली सरकारी कागद आला, त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. मेला असंही नाही, जिवंत असंही नाही. सोळा वर्षं तुळसा कुंकू लावत होती. धाकटा दीर बाबली दर पितृपक्षात तिच्यापुढे येऊन उभा राहायचा, की भावाचं नाव घेऊ की नको. दर्भाचा पुतळा करून विधी उरकावा असं भटजींनीही सांगून झालं होतं. तुळसा म्हणायची, "तेंचा काय एक हातात येव देत, मग बघू."

त्या दिवशी मात्र तिचं काम साधं होतं.

"सुभेदारांनू, माझी मोरणी अंगणात पडली. तुमच्या मशिनीन बघश्यात काय?"

नाकातली मोरणी ती केवढीशी, तिला यंत्र दाद देणार नाही हे सत्यवानाला माहीत होतं. पण सुभेदार नाही म्हणत नसतो. कोट चढवून, पेटी पाठीवर घेऊन तो तिच्या अंगणात गेला. वृंदावनाच्या मागे, माडाच्या आळ्याकडे, भुंगा जोरात ओरडला. त्याने वाळू उकरली आणि हाताला एक काळंहिरवं, गोल, मागे कडी असलेलं काहीतरी लागलं. लष्करी कोटाचं बटण. हे त्याने झोपेतही ओळखलं असतं.

इथेच त्याने थांबायला हवं होतं. बटण घरी न्यावं, स्वच्छ करावं, मग बोलावं. पण अंगणात दहाबारा माणसं जमली होती, बाबली पुढेच उभा होता आणि सगळे सुभेदाराच्या तोंडाकडे बघत होते. सत्यवानाने बटण उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाला, "मराठा पलटणीचं आहे. लढाईच्या काळातलं. यात शंका नाही."

तुळसा खाली बसली. "तेंचा?" तिने विचारलं. सत्यवानाने मान हलवली. ती मान कुणी हलवली, हे त्याला पुढे पुष्कळ विचार करूनही कळलं नाही. कुणी म्हणालं, शेचाळीस साली खाडीपलीकडे एक खाकीवाला दिसला होता. कुणी म्हणालं, रजेवर आला तेव्हा पडलं असणार. दुपारपर्यंत ठरलं. सोमवारी पुतळा करायचा, पुतळ्याच्या छातीवर हे बटण ठेवायचं आणि अग्नी द्यायचा. तुळसा एवढंच म्हणाली, "सुभेदारांनू, तोवर तेवढां साफ करून देवा."

घरी येऊन सत्यवान मागच्या पडवीत बसला आणि आमसुलाच्या पाण्याने बटण घासू लागला. पितळ हळूहळू पिवळं झालं. आधी एक आयाळ दिसली, मग दुसरी. मग तीन सिंह.

सतरा वर्षं बटणं बघितलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. परशुरामाच्या वेळी बटणावर राजाचा मुकुट असायचा. सिंह आले ते पन्नास सालानंतर. चाळीस साली घर सोडलेल्या माणसाच्या कोटाचं हे बटण असूच शकत नव्हतं.

सुभद्रा पाण्याची घागर घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्यां तर तुमचांच."

"माझां?"

"तुमच्या कोटाक खालचां बटण मियां काळां लावलंय, ता कशाक? इल्यास त्या वर्षी तुळशीच्या लग्नाक तुळसाच्या अंगणात लढाई सांगत होतास. 'मी एकटोच फुडे गेलंय' म्हणून श्वास घेतल्यात, नि बटण उडालां. कंदील घेवन सोधला तरी गावला नाय."

सत्यवानाला आठवलं. तेव्हा सगळ्यांना छाती फुगली असं वाटलं होतं. बटण मात्र खालचं होतं, म्हणजे फुगलं होतं ते पोट. मुंबईच्या खानावळीतलं पोट ब्रह्मदेशात एकटंच पुढे गेलं आणि त्याची ही खूण मागे राहिली. आता सोमवारी त्या पोटावरच्या बटणाला भटजी मंत्र म्हणून अग्नी देणार, आणि सत्यवान परब सुपारी चघळत स्वतःच्याच उत्तरकार्याला उभा राहणार. त्याला हसू आलं. हसता हसता तुळसाचं कपाळ डोळ्यांसमोर आलं आणि हसू आपोआप थांबलं. ते कुंकू पुसलं जाणार होतं ते एका पोटाच्या भरवशावर, आणि त्याला स्वतःची मनापासून शरम वाटली.

"नाय सांगलास तर कोणाक कळाचां नाय," सुभद्रा म्हणाली. मग घागर उतरवून म्हणाली, "पण माका कळतला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट न घालता तुळसाकडे गेला. ती अंगणात जाळ्याला दोरी ओवत बसली होती. सत्यवानाने वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही.

"वैनी, ह्यां बटण परशुरामाचां नाय. माझां आसा." आणि एकदा तोंड उघडलं तसं बाकीचंही बाहेर पडलं. सिंह, तुळशीचं लग्न, पोट. "मी सुभेदार नाय. शिपाय पण नाय. मुंबयक कोटांची बटणां मोजी होतंय."

तुळसाने दोरी खाली ठेवली. ती ओरडेल अशी त्याची तयारी होती, एखादी काठी शोधेल अशीही होती. तिने बटण हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं.

"चाळीस साली खंय होतास?"

"तकडेच. कोठारात."

"बेळगावाक कोट तुमच्याकडसून जाय?"

"जाय. गठ्ठेच्या गठ्ठे."

"मग तेंच्या कोटाचीय बटणां तुमीच मोजलेली आसतली."

हो म्हणणं किती सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, त्यालाही वाटलं असतं, आणि या वेळी ते जवळजवळ खरंही होतं. सत्यवानाच्या तोंडात आज भजी नव्हती.

"सांगूक येवचां नाय," तो म्हणाला. "लढायेत माल भरपूर, माणसां कमी. दहातलो एकच कोट उघडून बघी होतंय, नि सगळ्यांवर सही करी होतंय."

तुळसा म्हणाली, "म्हणजे ते उरलेल्या नवातले."

सतरा वर्षं नोकरी झाली, साहेब आले, तपासनीस आले, पण त्या नऊ कोटांबद्दल त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. तो पायरीवर बसला.

तिने विचारलं, "कोट कसो होतो?"

"लोकरीचो. जाड. आत अस्तर."

"म्हणजे ऊब लागा?"

"लागा. टोचायचो जरा, पण ऊब लागा."

"खिसो होतो आत?" तिने पुढे सरकून विचारलं. "मियां तेंका निघताना रवळनाथाचो अंगारो दिल्लो. पुडी बांधून. ह्यां मनात येता माका अजून, की खंय ठेवल्यानी आसतलो. पडलो तर नाय ना."

बटणांची खात्री सत्यवानाला देता आली नसती. टाक्यांचीही नाही. पण खिसा सगळ्या कोटांना एकाच मापाचा कापलेला असायचा. तिथे दहातला एक आणि बाकीचे नऊ सारखेच होते. त्याने स्वतःच्या सदऱ्यावर डाव्या बाजूला हात ठेवला.

"हय. आतल्या बाजूक. तोंड अरुंद, पण खोल. हात घातलो तर मनगटापर्यंत जाय. एकदा पुडी खाली गेली की वाकलो काय नि धावलो काय, पडाची नाय. सगळ्या कोटांक तसोच खिसो. ह्यां मियां सही न करता सांगतंय."

"मनगटापर्यंत?"

"होय."

तुळसाने त्याचा हात जिथे होता तिथे बघितलं. मग तिने डोळे पुसले, जाळं बाजूला केलं आणि उठली.

"मग अंगारो तेंच्यासोबतच आसतलो. तेवढां माका पुरे," ती म्हणाली. "बटण तुमी घेवन जावा, माका नको. भटजींका सांगा, पुतळो करूक सोमवारीच येवा. नि जाताना लवूच्या हॉटेलात जावा, थंय काय सांगूचा ता तुमीच सांगा."