आतून लावलेली कडी

मी कडी. बाथरूमच्या दाराची, आतल्या बाजूला बसवलेली. बोलायला तोंड उघडलंय खरं, पण जे सांगायचंय ते सांगताना माझी मला लाज वाटते. आम्हा कड्यांना दुसऱ्यांची लाज राखायची सवय असते. स्वतःच्या लाजेचं काय करायचं, ते आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं.

माझा जन्म एका पितळकामाच्या कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही चाळीस बहिणी निघालो आणि कागदात गुंडाळून दुकानात गेलो. मला ज्याने घेतलं तो स्वतः सुतार होता. त्याने माझी दांडी दहा वेळा पुढे-मागे सरकवून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाला, "घरच्यासाठी हवीय. चालढकल करणारी नको." त्या दिवशी मी अशी काही फुगले की विचारू नका.

सुताराचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. घरात तो, त्याची बायको आणि दोन मुली. थोरली एका गोदामात खोकी रचायच्या कामावर, धाकटी कॉलेजात. बाथरूमचं दार सुताराने स्वतःच्या हाताने केलेलं होतं. जाड लाकडाचं, आत उघडणारं, फटीतून पोस्टकार्डही शिरणार नाही असं घट्ट. आलेल्या पाहुण्याला तो मुद्दाम हात धुवायला पाठवायचा आणि बाहेरून विचारायचा, "काय, कडी कशी वाटली?"

माणसं बंद दाराआड काय काय करतात ते कडीला विचारावं. आई नळ सोडून रडायची. सुतार आरशासमोर उभा राहून, मालकाला तोंडावर जे बोलता आलं नाही ते सगळं बोलून घ्यायचा. धाकटी गायची, आणि फार वाईट गायची. मी कुणाचंच काही बाहेर जाऊ दिलं नाही. आपलं काम चोख आहे, असं मला वाटायचं.

मग थोरलीची पाठ गेली. गोदामात एक खोकं उचलताना कळ आली ती राहिलीच. सुट्टी घेतली तर काम जाईल, म्हणून सोबतच्या एकाने दिलेल्या गोळ्यांवर तिने चार महिने रेटले. पुढे गोळ्या मिळेनाशा झाल्या आणि त्याच माणसाने तिला दुसरं काहीतरी आणून दिलं. ते घ्यायला ती माझ्याकडे यायची. दार लावायची, मला सरकवायची आणि फरशीवर बसायची. तिचे हात आधी थरथरायचे, मग शांत व्हायचे. त्या वेळी मलाही हायसं वाटायचं. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

घरात कळायला वर्ष लागलं. टाकीमागे आईला सुई सापडली. सुताराने मुलीवर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. माझ्या दाराशी टेकून बसला आणि एवढंच म्हणाला, "हे घराबाहेर जाता कामा नये. पोलीस दारात आले तर धाकटीचंही वाटोळं होईल." 'हे' म्हणजे काय, ते मात्र त्या घरात कुणी नाव घेऊन म्हटलं नाही.

शेजारच्या घरात एक नर्सबाई राहायच्या. मुली त्यांना काकू म्हणत. आमच्या बाथरूमची आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच. त्याच आठवड्यात त्या आपल्या दवाखान्याचे छापील कागद घेऊन घरोघरी फिरत होत्या. बाथरूम बाहेरच्या दाराला लागूनच असल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"नशा हा आजार आहे, वहिनी. आमच्याकडे आता त्याच्यावर उपचार मिळतात. आम्ही नाव लिहीत नाही, पोलिसांना कळवत नाही. पाहण्यात कुणी असेल तर पाठवा."

"छे हो, आमच्याकडे कुठलं तसलं कुणी!" आई म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या त्या केस वाढवलेल्या पोराला विचारा."

तो बिचारा पोरगा गिटार शिकत होता. चहासुद्धा पीत नसे. आईने दार लावलं आणि तो कागद कपाटात साड्यांखाली अंथरला, छापलेली बाजू खाली करून.

सुताराने आपल्या बुद्धीने इलाज शोधला. त्याने मला बाथरूमच्या दारावरून काढलं आणि आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून बसवलं. अठरा दिवस थोरली माझ्या पलीकडे होती. जेवण आत जायचं, बहुतेक तसंच परत यायचं. नातेवाइकांना सांगितलं, कावीळ झालीय. मग काय विचारता! फळं आली, पथ्यं आली, एका मावशीने तर रोज दोनदा चौकशी केली. काविळीला केवढा मान असतो ते मला तेव्हा समजलं.

तिसऱ्या दिवशी थोरली दाराला तोंड लावून म्हणाली, "बाबा, मला दवाखान्यात न्या ना. काकूंना सांगा. त्यांच्याकडे औषध असतं."

"हळू बोल," सुतार म्हणाला. "त्यांना ऐकू जाईल."

तो दाराबाहेरच बसलेला होता. अठरा रात्री तो तिथेच, फरशीवर झोपला. त्याचं पोरीवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

अठरा दिवसांनी ती बाहेर आली. पार वाळली होती, पण जेवली. धाकटीच्या गाण्याला हसली. सुताराने हात जोडले आणि लगोलग मला परत बाथरूमच्या दाराला आतून बसवायला घेतलं.

"बाथरूमला कडी नको ना थोडे दिवस," आई म्हणाली.

"मोठी मुलगी आहे. अजून विश्वास नाही असं वाटेल तिला."

त्याने माझ्या दांडीला तेल दिलं, चारही स्क्रू आवळले. मीही पुन्हा फुगले. बेअक्कल ती बेअक्कलच.

सहाव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, थोरली टॉवेल घेऊन आत आली. मी लोण्यासारखी सरकले. तिने पूर्वी घ्यायची तेवढंच घेतलं. पण अठरा दिवसांत अंगाची सवय मोडलेली होती, आणि पूर्वीचं माप आता जिवावर बेततं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिचे हात शांत झाले. मग ती दाराला पाठ लावून खाली घसरली आणि तिच्या श्वासात मोठमोठी अंतरं पडू लागली.

"ताई, झालं का?" धाकटीने विचारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला. ती किंचाळणार तोच सुताराने तिच्या तोंडावर हात दाबला.

"ओरडू नकोस. बाई घरी आहेत."

आईने रेडिओ मोठा केला. सुतार दार वाजवू लागला, तेही बोटाच्या पेराने. "बाळा, दार उघड. बाबा आहे." दार उघडेना, तेव्हा त्याने पातळ पातं आणलं आणि फटीतून मला सरकवायचा प्रयत्न सुरू केला. पण फट होती कुठे? त्याचीच कारागिरी आडवी आली. त्याच्या पायाशी हत्यारांची पिशवी होती, पिशवीत हातोडा होता. दोन घावांचं काम. पण घावाचा आवाज झाला असता.

मला सुटायचं होतं. दांडी निखळावी, स्क्रू झिजावेत, काहीही व्हावं असं वाटत होतं. कडीला स्वतःहून सरकता येत नाही, ही सबब मी स्वतःला शंभरदा दिली आहे. पण ती माझी मलाच पटत नाही.

शेवटी धाकटीने बापाच्या हाताचा कडकडून चावा घेतला आणि ओरडली, "काकू!"

नर्सबाई अनवाणी धावत आल्या. "फोडा ते दार!" त्या म्हणाल्या. सुताराने घाव घातले, माझे स्क्रू उपटले, मी फरशीवर पडले. दार आत उघडणारं आणि त्याला टेकून मुलगी, म्हणून ते ढकलायलाही वेळ गेला. बाईंनी पिशवीतून नशेचा अंमल तोडणारं, नाकात मारायचं औषध काढलं, दिलं. तोंडाने श्वास दिला. पुन्हा औषध दिलं. बराच वेळ त्या थांबल्या नाहीत. मग थांबल्या.

"किती वेळ झाला होता?" त्यांनी विचारलं.

रेडिओ चालूच होता. धाकटी म्हणाली, "वीस मिनिटं."

"हे औषध माझ्या पिशवीत कायम असतं," बाई म्हणाल्या. "मी भिंतीला टेकून पेपर वाचत होते." त्यांनी थोरलीचा टॉवेल उचलला आणि तिच्या अंगावर नीट पांघरला.

भेटायला आलेल्यांना सांगितलं, कावीळ उलटली. बाई गप्प राहिल्या. मला कुणीतरी उचलून सुताराच्या पिशवीत टाकलं. तिथे वाकड्या खिळ्यांसोबत मी सहा महिने पडून होते.

मग एक दिवस बाईंनी सुताराला जिन्यात गाठलं. "दवाखान्यातल्या बाथरूमची दारं बदलायचीत. बाहेर उघडणारी हवीत, आणि कडी बाहेरूनही फिरवता आली पाहिजे. कराल?" सुताराने मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेला.

तिथे तो दार तासत होता. वऱ्हांड्यात एक माणूस घुटमळत होता. कपडे परीटघडीचे, तोंड उतरलेलं. दोनदा आत डोकावला, दोनदा मागे फिरला. शेवटी सुताराजवळ येऊन कुजबुजला, "अहो, इथे नाव लिहून घेतात का? म्हणजे... माझ्यासाठी नाही. एका ओळखीच्यासाठी विचारतोय."

सुताराने रंधा खाली ठेवला.

"मुलगा की मुलगी?"

त्या माणसाने एकदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "मुलगा. एकवीसचा आहे."

"माझी मुलगी सव्वीसची होती," सुतार म्हणाला. "तिला नशेचा आजार होता. लोकांना कळू नये म्हणून मी हाक मारली नाही." हे तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला, आणि एवढ्या मोठ्याने बोलला की वऱ्हांड्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्याने बघू दिलं. "नाव लिहीत नाहीत. चला, मी येतो आत."

मी अजून त्याच्या पिशवीच्या तळाशी आहे. मला पुन्हा कुठल्या दाराला लावू नका, एवढंच माझं मागणं होतं. आता आणखी एक आहे. तुमच्या घरात अशा बंद दाराबाहेर उभं राहायची वेळ आली, तर बोटाच्या पेराने वाजवू नका. मुठीने वाजवा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ द्या.