एक सेकंद जास्त

घड्याळजीने पात्याने स्टॉपवॉचचं मागचं झाकण उचकटलं, आत फुंकर मारली आणि डोळ्यावरचं भिंग कपाळावर ढकललं.

"कधी बंद पडलं म्हणालात?"

"आज सकाळी," ती म्हणाली. "बाबांना सर्दी झालीय म्हणून मीच घेऊन गेले होते. बटण दाबलं तर काहीच नाही."

"आज?" त्याने चिमट्याने सेल बाहेर काढला. सेलभोवती हिरवट भुकटी साचली होती. "ताई, हा फुटून सात-आठ महिने तरी झालेत. आतली पट्टीसुद्धा खाल्लीय त्याने."

"छे! परवा चालू होतं. परवा चार एकोणपन्नास आलं होतं."

तो घड्याळं दुरुस्त करायचा, माणसं नाही. त्याने झाकण लावून स्टॉपवॉच तिच्यापुढे सरकवलं.

ती चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात कामाला होती. पाव नंबराचा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. आणि घरातल्या खिळ्यावर आठ महिने बंद घड्याळ लटकत होतं. दिव्याखाली अंधार तो असा.

कॉलेजात ती पंधराशे मीटर धावायची. तिथल्या खेळाच्या सरांचा एकच नियम होता, धावणाऱ्याने घड्याळ घालायचं नाही. मनगटाकडे बघण्यात अर्धा सेकंद जातो. "वेळ मी बघतो, तू समोर बघ." शेवटच्या वर्षी निरोपाच्या दिवशी सरांनी आपलं स्टॉपवॉच तिच्या बाबांच्या हातात ठेवलं. बाबा नुकतेच बसचालक म्हणून निवृत्त झाले होते. वेळापत्रकाचा माणूस. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

पाण्याच्या टाकीच्या आवाराला तीन फेऱ्या म्हणजे बरोबर पंधराशे. रोज सकाळी बाबा फाटकापाशी उभे राहत आणि ती धावे. नोकरी लागल्यावर वेळ घसरू लागली. पाच मिनिटं दहा सेकंद, मग पाच अठरा. पाच चोवीस आलं त्या दिवशी ती फाटकाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. आता पुरे, म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाबा तिचे बूट हातात घेऊन तिच्या उशाशी उभे होते. त्या दिवशी पाच वीस आलं. मग पाच सतरा. मग हळूहळू चार एकोणपन्नासपर्यंत.

तिची कॉलेजातली सर्वांत चांगली वेळ होती चार अठ्ठेचाळीस.

गेले दोन महिने गाडी त्या एका सेकंदावर अडली होती. पाय जड वाटत, छाती भरून येई, पण आकडा चांगला होता आणि पायांपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवायची तिला सवय होती. परवाच तिने आईला सांगितलं होतं, की या महिन्यात तो सेकंद गेला नाही तर बूट कायमचे माळ्यावर टाकणार.

संध्याकाळी तिने स्टॉपवॉच गुपचूप खिळ्याला अडकवलं. आतल्या खोलीत बाबा वाफ घेत होते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, बाबांना सकाळी यायला आवडतं ना गं?"

"आवडतं कसलं! चौतीस वर्षं पहाटेची बस काढली. निवृत्त झालो की आठपर्यंत झोपणार म्हणत होते. गुडघे बोंबलतात त्यांचे."

"मग येतात कशाला?"

"तुझ्यासाठी. तू एवढी जीव तोडून धावतेस म्हणून."

आणि मी ते येतात म्हणून, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने एक सदरा उचलला आणि उगाच पुन्हा घडी घातली. तिला राग आला होता, चांगलाच. ज्या सेकंदापायी ती दोन महिने जीव तोडून धावली, तो बाबांनी मनानेच ठेवून दिला होता. ती दुसऱ्या दिवशी यावी म्हणून. बाबा बरे झाले की तोंडावर बोलायचं, असं तिने ठरवलं.

चौथ्या दिवशी बाबा फाटकापाशी उभे राहिले, गळ्यात मफलर आणि मफलरवर स्टॉपवॉचची दोरी.

"तयार?"

तिने तोंड उघडलं. बाबांनी अंगठा बटणावर ठेवला होता. ते बंद घड्याळाकडे इतक्या काळजीने बघत होते, की तिने ठरवलेलं बोलणं बाजूला ठेवलं.

"तयार," ती म्हणाली.

पहिली फेरी तिने सवयीने दामटली. दुसऱ्या फेरीत पाय नको म्हणाले, आणि आज तिने त्यांचं ऐकलं. वेग उतरला, श्वास जागेवर आला. टाकीच्या मागे उताराचा एक रस्ता फुटत होता. दीड वर्षं ती त्याच्या तोंडाशी येऊन पुढे जात होती आणि तो कुठे जातो हे तिला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या फेरीत ती तिकडे वळली.

रस्ता रोपवाटिकेकडे जात होता. पुढे एक शाळा होती, त्यापुढे सुताराचं दुकान. एक कुत्रं थोडा वेळ सोबत धावलं आणि कंटाळून परत गेलं. ती नळावर पाणी प्यायली, एक चढ चालत चढली, मग वाटलं म्हणून पुन्हा धावली. किती धावली हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ती परतली तेव्हा ऊन फाटकावर आलं होतं. बाबा पायरीवरून गुडघ्यावर हात टेकत उठले. तोंड उतरलेलं.

"अगं, कुठे..." एवढंच म्हणाले. ती त्यांच्या हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत होती. ते तिच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं.

"किती?" तिने विचारलं.

बाबांनी कोऱ्या काचेकडे बघितलं. घसा खाकरला.

"चार सत्तेचाळीस."

तिने मान हलवली. ओठ आवळून धरले होते, तरी हसू आलंच.

"उद्या आठपर्यंत झोपा बाबा."

"आणि तू?"

"मी येईन की. माझी माझी."

बाबांनी गळ्यातली दोरी काढली आणि घड्याळाभोवती नीट गुंडाळली.