गुणाबाईच्या गोठ्यातलं खवल्या मांजर

किनवटच्या जंगलाला लागून गुणाबाईचं घर. दाराची चौकट वाळवीनं दोनदा खाल्ली होती, आणि औषध मारून मारून बाईचे डोळे चुरचुरायचे.

एका सकाळी तिची सून वर्षाराणी गोठ्यात शेण काढायला गेली आणि पाटी टाकून पळत आली.

"आत्याबाई, गव्हाणीखाली कायतरी हाय! फणसावानी, पण हलून राहिलंय!"

गुणाबाईनं वाकून पाहिलं. अंगभर खवले, जनावर गच्च गोळा होऊन पडलेलं. ती खाली बसली आणि हसायलाच लागली.

"अगं, खवल्या मांजर! लहानपणी बापानं दावलं होतं. मला वाटलं, संपली ही जात."

बघता बघता अर्धं गाव जमलं. शेजारचा वीरेश पुढं सरकला. "ह्याच्या खवल्याची अंगठी घातली की मूळव्याध जाते म्हनतेत. एक काढू का?"

"भाऊजी, आपली नखं जशी, तसेच ते खवले," वर्षाराणी म्हणाली. "तुमचीच नखं कापा अन् घाला की बोटात!"

गोठा हसण्यानं दणाणला. वीरेशही हसत मागं सरला.

वर्षाराणीनं फोन केला तशी वनरक्षक महामाया आली. "खवल्यापायी लोकांनी मारून संपवत आणलं ह्यांना," ती म्हणाली. "वर्षभरात एकटं जनावर लाखोंनी मुंग्या अन् वाळवी खातं. हेच न्हाई राहिलं तर वाळवीला कोण आवरणार?"

"मंग ह्याला हितंच राहू द्या!" गुणाबाई म्हणाली. "गोठा ह्याच्या नावावर करते."

"मावशी, त्याला डोंगरच बरा. अन् डोंगर तुमच्या परसामागंच हाय की."

दिवस मावळताना त्याला डोंगरावर सोडलं. बराच वेळ गोळा हललाच नाही. मग टोकदार तोंड बाहेर आलं, आणि मागच्या दोन पायांवर डुलत स्वारी वारुळाकडं निघाली. माती उडाली, लांबलचक जीभ आत गेली.

"खा बाबा, पोटभर खा," गुणाबाई पुटपुटली. दुसऱ्याच दिवशी वीरेशनं सशासाठी लावलेले आपले फास काढून आणले.

पुढं महिन्याभरानं दोन अनोळखी माणसं खवल्यांची चौकशी करत दारात आली. गुणाबाईनं त्यांना मोठ्या अगत्यानं बसवलं. चहा झाला, चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, परत चहा झाला. आत वर्षाराणीनं फोन लावला होता. तिसरा कप हातात असतानाच वनखात्याची जीप अंगणात उभी राहिली.

"बसा की," गुणाबाई त्यांना म्हणाली, "कप तर संपवा."