भिंतीवरचा मोकळा चौकोन

अपर्णाचं ऐकू नये, हे संपदाला शारजाच्या अल नहदात राहायला आल्यापासून ठाऊक होतं. तरी दर वेळी ती ऐकायचीच. अपर्णा समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि तिची बहीण लेस्टरला. त्या एका बहिणीच्या जोरावर ही बाई अख्ख्या इंग्लंडची मालकीण होऊन बसली होती.

"चर्चची शाळा?" अपर्णाने हातातला चहा खालीच ठेवला. "अगं, ते सगळं बघतात! पोरीला त्यांची प्रार्थना येते का विचारतील. आणि तो गणपती काढ आधी भिंतीवरून. व्हिडिओ कॉलवर पहिला तोच दिसतो."

"असं थोडंच असतं?"

"मग नको काढूस. मला काय! आणि तिकडच्या सरकारी तपासणीच्या रिपोर्टमध्ये शाळेला नुसतं 'गुड' आहे ना? आमच्या रेयांशची व्हेरी गुड आहे हो."

झालं. बाई चहा संपवून गेली आणि संपदा भिंतीवरच्या गणपतीकडे बघत बसली.

गोष्ट अशी होती, की सुदेशला इंग्लंडात नोकरी लागली होती. दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसात बसून लोकांच्या कोल्ड स्टोअरेजची मशिनं सांभाळता सांभाळता त्याला थेट सफरचंदांच्या एका मोठ्या कोल्ड स्टोअरवरच बोलावणं आलं होतं. कंपनी घर देत होती, पण ते खेड्यात. खेडं म्हणजे खरोखरचं खेडं: एक दुकान, एक चर्च आणि चर्चला चिकटून एक प्राथमिक शाळा. दुसरी शाळा लांबच्या गावी, आणि संपदाला गाडी चालवता येत नव्हती. तेव्हा शाळा म्हणजे हीच.

आणि प्रश्न नुसत्या शाळेचा नव्हता, मिहिकाचा होता.

आठ वर्षांची मिहिका घरात अखंड बडबडायची. लिफ्टमध्ये, गॅलरीत, जेवताना घास तोंडात असताना, तिच्या तोंडाचा पट्टा चालूच. पण शाळेच्या गेटातून आत पाऊल टाकलं, की त्याच तोंडाला कुलूप. दुसरीत असताना एका बाईंनी तिला भरल्या वर्गापुढे उभं केलं, पाठ केलेलं तिला आठवेना, पोरं हसली. तेव्हापासून ती कुठल्याही शिक्षिकेशी एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करू नका, जमलं तर लहान शाळा बघा. शारजात लहान शाळा कुठून आणायची? संपदाने अंगारेधुपारे सोडून सगळं करून पाहिलं. शेवटी सुदेशने सांगून टाकलं, "या शाळेने घेतलं तर तिघं जाऊ. नाही घेतलं तर मी एकटा जातो, तुम्ही इथेच राहा. पोरीला आणखी एका ठिकाणी नापास झालेलं मी बघणार नाही."

तो बोलला ते रागाने नाही, काळजीने. पण याच बिल्डिंगमध्ये संपदाने अशी घरं पाहिली होती, जिथे बाप जेवणाच्या टेबलावर फोनमध्ये उभा करून ठेवलेला असतो. तसलं घर तिला नको होतं.

म्हणून तिने अपर्णाचं ऐकलं. गणपतीची फ्रेम खिळ्यावरून उतरवली, इंग्लंडसाठी आणलेल्या स्वेटरांमध्ये गुंडाळली आणि कपाटात ठेवली. भिंतीवर फ्रेमच्या मापाचा उजळ चौकोन तेवढा उरला. बाकी भिंतीचा रंग उन्हाने उतरला होता, हे तिला तेव्हाच कळलं.

"व्हाय इज बाप्पा इन द कपाट?" मिहिकाने विचारलं.

"थोडा वेळच गं."

"बट व्हाय? इज ही पनिश्ड?"

"मिहिका, गप्प बस बरं जरा!" संपदा करवादली. म्हणाली आणि तिचं तिलाच चर्र झालं. ज्या पोरीने बोलावं म्हणून जीव टाकायचा, तिलाच गप्प बस म्हणायचं. वा गं आई!

शाळेशी कॉल शुक्रवारी दुपारचा ठरला होता. शारजात सुट्टी, तिकडे शाळा चालू. खालच्या मशिदीतली नमाज आटोपून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. सुदेशने सुट्टी घेऊन टाय चढवला होता. संपदाने ड्रेस घातला आणि ऐन वेळी टिकली काढून आरशाला चिकटवली. मिहिकाला मध्ये बसवलं. तिच्याकडून चर्चची ती इंग्रजी प्रार्थना आठवडाभर घोकून घेतली होती आणि घरात ती कडकडीत म्हणायची. आता मात्र तिने ओठ आत ओढून घेतले होते.

स्क्रीनवर एक पिकल्या केसांच्या बाई आल्या, अंगावर साधा कार्डिगन. मुख्याध्यापिका, मिसेस हार्ग्रीव्ह. त्या बोलल्या अर्थातच इंग्रजीत, पण आपण मराठीतच सांगू.

"मॅम, वुई आर रेडी फॉर द इंटरव्ह्यू," सुदेश ताठ बसून म्हणाला.

"इंटरव्ह्यू?" बाईंनी चष्मा वर सारला. "अहो, आमच्याकडे मुलांची मुलाखत घ्यायची नसते. जागा आहे, अर्ज काउन्सिलकडे करायचा. आज तुम्ही आमची परीक्षा घ्यायची. शाळा पसंत पडते का बघा, आणि काय हवं ते विचारा."

मुलाला घेण्याआधी त्याला उलटंपालटं करून न बघणारी शाळा सुदेश-संपदाला नवीनच होती. इथे शारजात तर के.जी.च्या पोराचीसुद्धा असेसमेंट!

बाई टॅबलेट हातात धरून चालू लागल्या. दारात चिखलाने भरलेले गमबूट रांगेने. भिंतीवर साधा लाकडी क्रूस, त्याखाली मेणबत्ती. "रोज सकाळी सगळे इथे जमतो," बाई म्हणाल्या. "गाणं, एखादी गोष्ट, थोडं शांत बसणं. कुणाला बसायचं नसेल तर नाही बसलं तरी चालतं." मग वर्ग. तिकडे बघून सुदेशचा चेहरा पडला.

"मॅम, हे... दोन इयत्ता एकाच वर्गात?"

"सगळीकडे तसंच आहे. मुलंच कमी आहेत आमची."

सुदेश वाढला डोंबिवलीत. एकेका वर्गाच्या चार-चार तुकड्या असलेल्या शाळेत. त्याने 'झालं, बोंबला' अशा नजरेने संपदाकडे पाहिलं. पण संपदा पुढे सरकून बघत होती. खिडकीखाली लहान पोरं मांडी घालून बसलेली, पलीकडे मोठी लिहीत होती, आणि वेणी घातलेली एक मोठी मुलगी एका चिमुरड्यासमोर पुस्तक धरून बोट फिरवत होती.

अगं बाई! ही तर आपलीच शाळा!

संगमेश्वरकडच्या तिच्या वाडीतली झेडपीची शाळा, दोन खोल्या, दोन गुरुजी. पहिली-दुसरी या भिंतीकडे तोंड करून, तिसरी-चौथी त्या भिंतीकडे. ती शाळा सांगायची तिला इथे लाजच वाटायची. अपर्णापुढे ती नेहमी 'रत्नागिरीला शिकले' एवढंच सांगून मोकळी व्हायची. आता मात्र तिला काय विचारायचं ते पक्कं ठाऊक होतं.

"मॅम, तुम्ही मोठ्यांना शिकवता तेव्हा लहान काय करतात?"

बाई थांबल्या. "चांगला प्रश्न आहे. बहुतेक जण हा विचारत नाहीत. मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतात. शिकवणारं मूल दुप्पट शिकतं, असं आम्हाला दिसलंय."

"मला पाढे चौथीतल्या मुलीने शिकवलेत," संपदा म्हणाली. एवढं मोकळं इंग्रजी ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. "गुरुजींची भीती वाटायची. तिची नाही वाटायची."

मग तिला राहवलंच नाही. तिने सांगून टाकलं. मिहिका शिक्षकांशी बोलत नाही, एक शब्दही नाही. सुदेशने टेबलाखालून तिचा पाय दाबला, पण आता काय दाबून उपयोग!

मिसेस हार्ग्रीव्हना नवल वाटलं नाही. "न बोलता येऊ दे की," त्या म्हणाल्या. "आम्ही शाळेत पाळलेल्या कोंबड्यासुद्धा आधी नुसत्या बघून घेतात." आणि मग मिहिकाकडे न बघता, सहज म्हणाल्यासारखं, त्यांनी टॅबलेट एका छोट्या टेबलाकडे वळवला. "या टेबलावर मुलं घरून आपली आवडती वस्तू आणून ठेवतात. कुणी आजोबांचं घड्याळ, कुणी दगड. तू काय ठेवशील, त्याचा विचार करून ठेव. सांगायला नको."

मिहिकाने मागे वळून भिंतीकडे पाहिलं. त्या मोकळ्या चौकोनाकडे. मग खुर्चीवरून खाली उतरली आणि आत निघून गेली.

संपल्यातच जमा होतं. सुदेशने डोळे मिटून घेतले. "सॉरी मॅम, शी इज लिटल..."

आतून कपाटाचं दार आपटलं. मिहिका परत आली ती दोन्ही हातांत फ्रेम कवटाळून. सुदेशचा निळा स्वेटर फ्रेमला तसाच गुंडाळलेला, एक बाही खाली लोंबत होती. तिने फ्रेम कॅमेऱ्यासमोर धरली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"धिस इज बाप्पा. मम्मा हिड हिम. बिकॉज ऑफ यू."

संपदाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की उठून नाचावं. बोलली! बोलली कार्टी, आणि बोलली ती आईचं नाक कापायला!

मिसेस हार्ग्रीव्हनी चष्मा सारखा केला. मग त्यांनी वाकून नीट बघितलं. "माझ्यामुळे? अरे देवा. माझ्या वतीने त्यांची माफी मागशील का? आणि स्वेटर छान आहे. आमच्याकडच्या थंडीची तयारी करूनच निघालेत ते."

मिहिका खुदकन हसली. "ही लाइक्स मोदक," तिने सांगितलं. मग, "डू युवर हेन्स बाइट?" मग कोंबड्यांची नावं काय, अंडी कोण खातं, बाप्पाला त्या टेबलावर भीती वाटली तर रात्री घरी आणता येईल का. बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. सुदेशचा टाय सैल झाला होता आणि तो खुळ्यासारखा हसत होता. संपदा रडत होती, उघडउघड, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. छातीवरचा कितीतरी दिवसांचा धोंडा उतरला होता.

"मग? पसंत आहे का शाळा?" शेवटी बाईंनी विचारलं.

"पसंत आहे," संपदा म्हणाली. तिने नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही.

कॉल संपला, तोच बेल वाजली. दारात अपर्णा, डोळे विस्फारून. "काय गं, काय झालं? प्रार्थना विचारली का?"

"नाही विचारली. आणि शाळा गुड आहे, अपर्णा. नुसती गुड. ये, बस, चहा टाकते. पण आधी टिकली लावू दे."

मिहिका सोफ्यावर चढून फ्रेम खिळ्याला अडकवायची खटपट करत होती. संपदा मदतीला गेली. चौकोन झाकला गेला. स्वेटर काढायला संपदाने हात पुढे केला, तर पोरीने तो धरला. आणि एरवी साधं पाणीसुद्धा इंग्रजीत मागणारी ती मुलगी, आईच्या कानाला लागून हळूच म्हणाली,

"मम्मा, टीचरशी मी बोलले."

"हो गं माझे बाई," संपदा म्हणाली. "बोललीस."

स्वेटर राहिला तसाच. बाप्पांनी तो अगदी निघायच्या दिवसापर्यंत घातला.