धरणातल्या टेकडीवरचा डबा

पल्लवी नांदेडहून माहेरी जवळा बाजारला आली तेव्हा तिच्या बॅगेत चार साड्या होत्या आणि साड्यांच्या घडीत गुंडाळलेलं एक जीपीएस यंत्र होतं. लग्नाआधी ती पुण्यात नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. तिथल्या मित्रमैत्रिणींनी तिला एका खेळाचा नाद लावला होता. कुणीतरी डोंगरात, किल्ल्यावर, ओढ्याकाठी एक डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी यंत्र घेऊन तो हुडकायचा. डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथं ठेवायचा आणि घरी जायचं. बक्षीस काही नाही. पण त्या खेळापायी पल्लवीनं दोन वर्षांत सह्याद्रीचे बरेच कडे पालथे घातले होते.

ही २००८ सालच्या एप्रिलातली गोष्ट आहे. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पल्लवी माहेरी येऊन राहिली होती आणि परत जायचं नाव काढत नव्हती. विचारलं की म्हणायची, "तिथं जीव रमत न्हाई." याच्यापुढं ती काही बोलली नाही आणि कुणी खोदून विचारलंही नाही. तिचे वडील सोनाजी यांनी जावयाला फोन केला आणि रविवारी येऊन घेऊन जा म्हणून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी पल्लवीनं धाकटा भाऊ बंटी याच्याकडं स्कूटी मागितली. बंटीचं बाजारात मोबाइल रिचार्जचं दुकान होतं.

"कुठं निघालीस ताई?"

"धरणाकडं."

हे शब्द तिच्या आईनं, सोजराबाईनं, चुलीपाशी ऐकले. परवा सासरी जायचं असलेली पोरगी आज एकटीच धरणाकडं निघाली म्हटल्यावर सोजराबाईच्या मनात नको ती शंका आली.  तिनं भाकरीचा तवा उतरवला, पदर खोचला आणि म्हणाली, "म्या बी येते."

"तू काहून? उन्हाचं?"

"बसून बसून अंग आंबलंय माझं."

पल्लवी हसली आणि तिला मागं बसवलं.

औंढ्याच्या पुढं धरणाच्या मागच्या अंगाला एक टेकडी आहे. पल्लवीनं हिंगोलीच्या सायबर कॅफेत उपग्रहाच्या चित्रात ती हेरली होती. पावसाळ्यानंतर तिच्या चारी बाजूंनी पाणी असतं; पण चित्रात पाणी ओसरलेलं होतं आणि काठापासून टेकडीपर्यंत मातीचा एक पट्टा दिसत होता. साऱ्या जिल्ह्यात या खेळाचा एकही डबा नव्हता. आपण जायच्या आधी इथं एक तरी ठेवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

काठावरच्या बाभळीखाली स्कूटी लावून तिनं यंत्र सुरू केलं आणि ती जागा त्यात नोंदवून ठेवली. सोजराबाईनं डोकावून पाहिलं.

"यात तर काहीच न्हाई. पांढरंच हाय समदं."

"आपल्याकडचा नकाशाच न्हाई भरलेला यात. आपण कुठं हाव तेवढं सांगतं, आजूबाजूला काय हाय ते न्हाई सांगत. म्हणून कागदाचा नकाशा जवळ ठेवावा लागतो." तिच्याकडं जिल्ह्याचा शाळेतला नकाशा होता. त्यात धरण म्हणजे एक निळा डाग होता, उन्हाळ्यातही आणि पावसाळ्यातही.

दोघी पट्ट्यावरून चालू लागल्या. माती वाळून तिच्या खपल्या झाल्या होत्या. पाणी हटलेल्या जमिनीत लोकांनी काकडी आणि टरबुजं लावली होती. पण वेलांवर एक फळ नव्हतं, राखणीची खोपटंही मोडून नेलेली होती. आसपास माणूस दिसेना.

"समदे गेले कुठं?" सोजराबाई म्हणाली.

"जेवायला गेले असतील."

टेकडी फार उंच नव्हती. माथ्यावर सीताफळाची झुडपं आणि काळे खडक होते. वर गेल्यावर वारा लागला, धरणाचं पाणी लांबपर्यंत चमकताना दिसलं, पलीकडच्या काठाला बंजाऱ्यांचा तांडा दिसला. पल्लवी थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा काढून तिनं आत वही आणि शिसपेन्सिल ठेवली.

"पेन काहून न्हाई?"

"उन्हानं शाई वाळती."

सोजराबाईनं पदराच्या गाठीतला गुळाचा खडा पुढं केला. "हे ठेव. एवढ्या लांबून येणाराला तोंड गोड."

"खायचं काही ठेवायचं न्हाई माय. कोल्हं वासानं डबा फोडतं."

सोजराबाईनं विचार केला आणि मंगळसूत्राला अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना काढून डब्यात टाकल्या. "फिरणाऱ्याला पिनेचं काम पडतंच."

पल्लवीनं डबा खडकाच्या कपारीत सरकवला आणि पुढं दगड लावले. पुरायचा नाही, उकरायला लावायचं नाही, असा नियम होता. यंत्र खडकावर उघड्या आभाळाखाली ठेवलं, आकडे स्थिरावू दिले, पुन्हा पुन्हा वाचले. तेवढ्या वेळात सोजराबाईच्या मनातली भीती उतरली होती. लेकीचा चेहरा तिनं बऱ्याच दिवसांनी असा पाहिला होता.

"डब्यात तर काहीच किमतीचं न्हाई," ती म्हणाली.

"डबा फालतू असला तरी चालतो. जागा फालतू नको. माणूस इथवर आलं तर बरं झालं आलो असं त्याला वाटाया पाहिजे."

उतरायला लागल्या तेव्हा पट्टा दिसेना.

आधी पल्लवीला वाटलं, आपण चुकीच्या बाजूनं उतरलो. तिनं यंत्र पाहिलं. बाण बरोबर बाभळीकडं होता, अंतर पाऊण किलोमीटर. पण मध्ये गढूळ पाणी पसरलं होतं. आवाज नाही, लाट नाही. काकडीचे वेल पाण्याखाली जात होते. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. तशी दवंडी काठच्या गावांत दोन दिवस आधीच फिरली होती. जवळा बाजारला ती कशी ऐकू येणार?

"घोट्याएवढंच असंल," म्हणत सोजराबाईनं पाण्यात पाय घातला आणि दोन पावलांत गुडघ्यापर्यंत गाळात रुतली. ओढून काढायला पल्लवीला पालथं पडावं लागलं. एक चप्पल गाळातच राहिली. दोघी चिखलानं भरलेल्या पुन्हा वर आल्या.

माथ्यावर मोबाइलला रेंजची एक काडी येत-जात होती. बंटीला फोन लागला.

"आमी धरणात टेकडीवर अडकलो. पाणी वाढून राहिलंय. हे आकडे लिहून घे." तिनं अक्षांश-रेखांश वाचले.

"हा कोणाचा नंबर हाय?" बंटी म्हणाला. "एक आकडा कमी पडून राहिला."

"नंबर न्हाई रे. जागा हाय. बरं, राहू दे. औंढ्याच्या पुढं, तांड्याच्या समोर..."

फोन तुटला. पुन्हा लागला नाही. त्यानं किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता.

पाणी टेकडीच्या पायथ्याला लागलं तसे खालचे उंदीर, सरडे वर येऊ लागले. एक विंचू सोजराबाईच्या उघड्या पायाजवळून गेला. ती खडकावर चढून बसली.

"ही टेकडी बुडती का गं?"

"न्हाई. तो खडकावरचा पांढरा पट्टा दिसतो का? दरसाल पाणी तिथवर चढतं. त्याच्या वर झुडपं हायत. आपण वर हाव."

"तुला काय माहीत औंदा किती सोडतात?"

पल्लवीनं बाटली तिच्यापुढं केली. बाटलीतलं पाणी संपलं. चोहीकडं पाणी असून ते पिण्याजोगं नव्हतं. ऊन वाढलं. सोजराबाई खडकावरून उतरायची, पाण्यापर्यंत जायची, पुन्हा वर यायची. काठाकडं तोंड करून तिनं हाका मारल्या. घसा बसला तेव्हा थांबली.  पल्लवी मात्र सीताफळाच्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन निवांत बसली होती.

"तुला काहीच कसं वाटून न्हाई राहिलं?" सोजराबाई चिडून म्हणाली. "माझी इथं येडी व्हायची पाळी आली."

"मला सवय हाय."

"कशाची सवय?"

पल्लवी म्हणाली, "ते हापिसात जाताना बाहेरून कुलूप लावतात. सांजच्याला येऊन काढतात."

सोजराबाईला आधी समजलंच नाही. "कशाला कुलूप?"

"दाराला. म्या आत असते."

"अन् सासू?"

"त्या गावाकडं असतात. आल्या तरी किल्ली त्यांच्याजवळ राहती. पयल्या महिन्यात म्या आरडाओरडा केला. शेजारची बाई खिडकीत आली अन् म्हणाली, चांगला माणूस हाय, काळजीपोटी करतो. मंग म्या ओरडणं सोडलं. दुपारी खिडकीत यंत्र ठेवायची. ते आभाळातले उपग्रह मोजायचं, म्या बघत बसायची. आपण कुठं हाव ते बराबर दाखवायचं."

"तू सांगितलं काहून न्हाई?"

"जीव रमत न्हाई म्हणलं ना, माय. तुमी म्हणलात, रमंल."

त्यानंतर सोजराबाई पाण्यापर्यंत गेली नाही, हाका मारल्या नाहीत. लेकीच्या शेजारी येऊन बसली आणि तिच्या पायाला लागलेला चिखल बोटानं खरवडत राहिली. वाळलेला गाळ निघत नव्हता, तरी खरवडत राहिली.

ऊन कलताना काठावर माणसं दिसली. बंटीनं "औंढा" आणि "तांडा" एवढे दोनच शब्द ऐकले होते, त्यावर तो काठच्या गावांत विचारत फिरला आणि शेवटी बाभळीखालची स्कूटी त्याला दिसली. तांड्यावरचा थावरा मासे धरायला थर्माकोलचा तराफा वापरायचा. तोच वल्हवत आला.

"एकच माणूस बसतं," तो म्हणाला. "दोघी बसल्या तर तिघं बी जाऊ."

"तू जा माय," पल्लवी म्हणाली.

"न्हाई. तू जा."

"तू घाबरलीस."

"घाबरले म्हणूनच सांगते. तुला इथं एकटीला ठेवून म्या काठावर उभी राहू व्हय? जा."

पल्लवी गेली. तराफा परत येईपर्यंत सोजराबाई टेकडीवर एकटी राहिली. काठावरची माणसं तिला दिसत होती. बंटी पल्लवीला पाणी पाजत होता, दोघंतिघं हातवारे करत बोलत होते, एक जण विडी पेटवत होता. टेकडीकडं कुणी बघत नव्हतं. त्यांना माहीत होतं, थावरा आणणारच आहे. तिलाही ते माहीत होतं. तरी ती तोंडात पदर धरून रडली.

काठाला उतरल्यावर ती पाणी प्यायली, थावराला हात जोडले आणि बंटीला म्हणाली, "नांदेडला फोन लाव. रविवारी येऊ नका म्हण."

"बाबा काय म्हणतील?"

"लाव आधी."

तरीही रविवारी ते आलेच. जावई आणि त्याचे मामा. सोनाजींनी चहा करायला लावला. स्वतः ते खाली मान घालून बसले होते. कुलपाचं त्यांना सोजराबाईनं शुक्रवारीच सांगितलं होतं.

जावई शांतपणे म्हणाला, "आमच्या कॉलनीत चोऱ्या होतात. तिच्याच भल्यासाठी होतं ते."

"किल्ली तिच्याकडं द्यायची होती मंग," सोजराबाई म्हणाली.

"ती कुठंही निघून जाती. डोंगरात फिरायची सवय हाय तिला."

"हाय. परवा म्या बी गेले होते तिच्यासंगं." ती दारात उभी होती, तिथून हलली नाही. "जावईबापू, लेक येणार न्हाई. चहा घ्या अन् जा."

मामांनी सोनाजींकडं पाहिलं. सोनाजी म्हणाले, "तिची माय म्हणती तसंच." पण पाहुणे गेल्यावर ते घरातल्या कुणाशी नीट बोलले नाहीत, आणि हे महिनाभर चाललं. गावात बोलणारे बोलले. फारकतीचं प्रकरण हिंगोलीच्या कोर्टात दोन वर्षं रेंगाळलं. पल्लवीनं औंढ्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला घेतलं. पुण्याला परत जायचं तिच्या मनात होतं, पण लगेच जाववेना.

डब्याची माहिती तिनं इंटरनेटवर टाकली तेव्हा आकड्यांच्या खाली लिहिलं: यंत्र सरळ रेषेतलं अंतर दाखवतं, मधलं पाणी दाखवत नाही. नकाशातलं पाणी आणि खरं पाणी वेगळं असतं. वरच्या धरणातून पाणी कधी सुटणार आहे ते काठच्या गावात विचारल्याशिवाय पट्ट्यावर उतरू नका. राखणीची खोपटं मोडलेली दिसली तर आल्या वाटेनं परत फिरा. जोडीला माणूस घ्या आणि कुठं जातोय ते घरी सांगून ठेवा. जागा बघण्यासारखी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात डबा शाबूत आहे का ते बघायला ती निघाली तेव्हा सोजराबाई पुन्हा मागं बसली. पट्ट्यावर मात्र ती उतरली नाही. टरबुजांची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याला तिनं पाणी कधी सुटणार ते विचारलं. तो म्हणाला, अजून आठ दिवस तरी नाही. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. तो वैतागला, तरी त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मग ती त्याच्याच खोपटाच्या सावलीला बसली आणि लेकीला टेकडी चढताना बघत राहिली.