सत्यवानबाबांचा डावा सलाम

मी एक जुना लष्करी कोट आहे, मित्रांनो. खाकी लोकर, पितळी बटणं आणि दुमडून पिनेनं टाचलेली उजवी बाही. ती उंदरांनी खाल्ली असं समजू नका. तिच्यात घालायला हातच उरला नव्हता.

माझा जन्म विलायतेतल्या गिरणीतला. बोटीनं बसऱ्याला गेलो आणि पहिल्या महायुद्धात पुणतांब्याच्या सत्यवान हवालदारांच्या अंगावर चढलो. त्यांचा उजवा हात तिथंच राहिला. आम्ही गावी परतलो तेव्हा स्टेशनावर घ्यायला चिटपाखरूही नव्हतं. बायको मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, हे त्यांना फलाटावर एका हमालाकडून कळलं. ते तिथंच खूप वेळ उभे राहिले. गावचा शिपाई यापुढं इथं एकटा उतरणार नाही, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

पुढं ख्रिस्ती वस्तीत ते सगळ्यांचे सत्यवानबाबा झाले. मला गुडघ्यांत धरून एका हातानं, चिंच लावून माझी बटणं घासायचे. वस्तीत भेटलं की 'सलाम' म्हणायची रीतच आहे. बाबा तो फौजी थाटात करायचे, पण डाव्या हातानं. साहजिकच वस्तीतली सगळी पोरं तसंच शिकली. दुसरं महायुद्ध लागलं आणि शेजारचा विल्सन भरती झाला, तेव्हा त्यानं पहिल्याच दिवशी साहेबाला डाव्या हातानं सलाम ठोकला.

रजेवर आल्यावर तोच म्हणाला, "बाबा, तुमच्यापायी मला भर उन्हात पळवलं की वो."

बाबा इतके हसले, की माझं एक बटण तुटलं. विल्सनच्या बायकोनं, मरियानं, ते लावून दिलं.

लढाई संपली आणि एकेक जण घरी येऊ लागला. दुपारच्या गाडीला बाबा मला घालून हजर. उन्हाळ्यात लोकरीचा कोट म्हणजे काय ते माझ्या अस्तराला विचारा. सगळे परतले, ब्रह्मदेशात गेलेला विल्सन तेवढा यायचा राहिला. मरियाची स्टेशनावर जायची छाती होत नसे. बाबाच तिच्या वतीनं जात आणि एकटे परतले की तिच्या दारात नुसतं खोकून पुढं जात; आजही तो आला नाही, हे तिला तेवढ्यावरून कळे.

मग बाबांनी अंथरूण धरलं. मरियाला म्हणाले, "पोरी, इल्सन यायचा हाय. मी न्हाई, तर कोट तरी तितं असू दे." दोन दिवसांत ते गेले.

वस्तीनं चांगुलपणानंच ठरवलं, की बाबांना माझ्यासकट पुरायचं. वडीलधाऱ्या दयाबाईंनी मला त्यांच्या अंगावर घातलंसुद्धा. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. ज्याच्या अंगावर जन्म काढला, त्याच्यावाचून करायचं काय?

मरिया पुढं आली. "कोट मातीत घालू नका. बाबांचं काम ऱ्हायलंय."

"अगं, बिनकोटाचा शिपाई देवाम्होरं उभा कसा ऱ्हाईल?" दयाबाई म्हणाल्या.

"देव त्येंना वळखतो, मावशी. इल्सनला वळखीचं कुनीतरी लागंल."

दयाबाईंनी बाबांच्या छातीवरची माझी बटणं एकेक करून सोडली. मग त्यांनीच मला काढून तिच्या हाती दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मरिया मला घालून, उजवी बाही तशीच रिकामी टाचलेली ठेवून, स्टेशनावर जाऊ लागली. माझा घोळ तिच्या पायांत येई. बायका तोंडावर पदर धरून हसत. तिनं मान खाली घातली नाही, मीही कॉलर पडू दिली नाही.

आणि एका दुपारी विल्सन उतरला. वाळलेला, खांद्यावर लोखंडी पेटी. लांबून मला पाहून हसत निघाला. जवळ आल्यावर कोटात मरिया दिसली, तेव्हा बाबा नाहीत हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

फौजेत उजव्या हातानं सलाम करतात हे मरियाला ठाऊक होतं. तिनं डावा हात उचलला. विल्सननं पेटी खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि डाव्या हातानं सलाम केला. मग माझी रिकामी बाही तोंडाशी धरून तो लहान मुलासारखा रडला. मित्रांनो, माझ्या बाहीत त्या दिवशी पुन्हा हात आल्यासारखं मला वाटलं.

आता मी त्यांच्या घरी खुंटीवर असतो. कसर लागू नये म्हणून मरिया खिशांत कडुलिंबाचा पाला ठेवते. तुमच्याही घरी असं जुनं काही असेल, तर टाकण्याआधी ते कुणासाठी थांबलंय, एवढं विचारा. आमच्या वस्तीतलं कुणी परतणार असलं, की मला खाली उतरवतात. आज सकाळीच विल्सननं माझी बटणं चिंचेनं घासली आहेत.